मंड्याचं पेग्माटाइट आणि भाऊजींचे लिथियमचे शेअर

संक्रांतीनंतर मी, माझे भाऊजी आणि भाची असे आम्ही तिघं मंड्याला जाऊन आलो. म्हैसूरच्या अलीकडचं मंड्या, ऊस आणि गुळाचं. तिथे आम्ही नक्की काय बघायला गेलो होतो हे ठाण्यातल्या आमच्या निम्म्या नातेवाईकांना अजून कळलेलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतेय, कोणाला असंच जायचं असेल तर उपयोगही होईल.

भाऊजी मूळचे तासगावचे, नोकरी अख्खी वागळे इस्टेटमध्ये गेली, साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत. शेअरबाजाराचा नाद जुना आहे पण नाद म्हणण्यापेक्षा अभ्यास म्हणावं असा, ताळेबंद वाचल्याशिवाय ते काही घेत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी परदेशी ब्रोकरकडे खातं उघडलं आणि ऑस्ट्रेलियातल्या छोट्या खाण कंपन्या बघायला लागले, लिथियम शोधणाऱ्या. दोनचार कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतलेही. रोज संध्याकाळी तलावपाळीवर फेऱ्या मारताना पेग्माटाइट (मोठमोठ्या स्फटिकांचा, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक), स्पॉड्युमीन (त्यातलं लिथियमचं खनिज), ड्रिलिंग असले शब्द त्यांच्या तोंडी. भाची जिऑलॉजीत एमएस्सी करतेय, ती एक दिवस म्हणाली, बाबा, ज्या दगडावर तू पैसे लावतोयस तो एकदा हातात तरी घे. ऑस्ट्रेलिया काही जवळ नाही, पण मंड्या आहे. तिथे श्रीरंगपट्टण तालुक्यात मारलगल्ला आणि अल्लापटना या गावांच्या परिसरात पेग्माटाइटमध्ये लिथियम सापडलंय, अणुऊर्जा खात्याच्या अणु खनिज संचालनालयाने शोधलेलं. मी बँकेत आहे, सुट्टी शिल्लक होती, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी 'लिथियमवाला शेअर, आठवड्यात डबल' टाकत असतं त्यामुळे मलाही हे मुळापासून समजून घ्यायचंच होतं.

शनिवार, कल्याण ते वाडी

सकाळी कल्याणहून उद्यान एक्सप्रेस पकडली. विमानाने दीड तासात पोचलो असतो पण भाचीचा हट्ट होता की जाताना रेल्वेनेच जायचं कारण वाटेत खडक बदलताना दिसतो, आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. ठाण्या-कल्याणचा पारसिकचा डोंगर, मुंब्र्याचे कडे, पुढे खंडाळ्याचा घाट, सगळा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. यात लिथियमचं पेग्माटाइट सापडत नाही, तो खडकच वेगळा. पुणं, दौंड, सोलापूर, तासन्‌तास तोच काळा दगड आणि काळी माती. मग गुलबर्ग्याच्या पुढे चित्र पालटतं. शहाबादपर्यंत अंधार पडत आला होता तरी रुळाजवळ रचलेल्या फरशीच्या थप्प्या दिसल्या. आपल्या जुन्या घरांत, चाळींच्या ओट्यावर जी शहाबादी फरशी असते ती इथली, चुनखडीची. भाऊजी म्हणाले आयुष्यभर ह्या फरशीवर बसून जेवलो, तिचं गाव आज बघितलं.

डबा घरचाच होता, ताईने गुळपोळ्या आणि दशम्या दिल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. समोरच्या सीटवर रायचूरला जाणारं एक जोडपं होतं, त्यांनी ज्वारीची कडक भाकरी आणि एण्णेगाई म्हणजे भरल्या वांग्याची भाजी आमच्यापुढे सरकवली, आम्ही गुळपोळ्या दिल्या. त्यातले काका ग्रॅनाइट पॉलिशच्या धंद्यातले निघाले! भाची आणि ते रायचूर येईपर्यंत बोलत होते, हिंदीत, मध्येच कानडीत, हातवारे करत.

रविवार, मद्दूर आणि करिघट्टा

पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर गोल गोल गुळगुळीत ग्रॅनाइटचे ढीग, एकावर एक रचलेले मोठे धोंडे, धुक्यात अर्धे बुडालेले. इथला पायाचा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना. बेंगळुरूला उतरलो, गाडी आधीच ठरवलेली होती. ड्रायव्हरदादा हिंदी उत्तम बोलणारे, गाडी स्वच्छ, काही त्रास नाही.

एक टिप इथेच सांगते. बेंगळुरू-म्हैसूर नवा एक्सप्रेसवे २०२३ मध्ये सुरू झाला, वेळ खूप वाचतो, पण तो गावं टाळून जातो. मद्दूर वडा खायचा असेल तर आधीच ड्रायव्हरला सांगून ठेवा की मद्दूर गावात गाडी घ्या. मद्दूर वडा म्हणजे आपला उडदाचा वडा नाही, रवा, मैदा, तांदळाचं पीठ आणि भरपूर कांदा घालून चपटा थापून तळलेला, बाहेरून कुरकुरीत आणि खाल्ल्यावर बराच वेळ तोंडात कढीपत्त्याची चव राहते. तिघांनी मिळून सहा खाल्ले आणि वाटेत खायला बांधूनही घेतले.

दुपारी श्रीरंगपट्टणला लॉजवर सामान टाकलं, थोडं पडलो, आणि उन्हं उतरल्यावर करिघट्ट्याच्या टेकडीवर गेलो. वर वेंकटरमणाचं देऊळ, काळ्या दगडाची उंच मूर्ती. पायऱ्या आहेत आणि रस्ताही आहे. भाऊजींचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही गाडीने गेलो. वरून कावेरी दिसते, तिला येऊन मिळणारी लोकपावनी दिसते, आणि सगळीकडे ऊस, भात, नारळ. भाचीने हात करून दाखवलं, मारलगल्ला त्या बाजूला. म्हणजे एवढ्या हिरव्यागार, बागायती शेतीच्या पट्ट्याला लागूनच हे लिथियम आहे. पेपरात नुसता आकडा वाचताना हे डोळ्यासमोर येत नाही, तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं की इथे कधी खाण झालीच तर कोणाच्या दारात होईल.

संध्याकाळी चादर घ्यायला बाजारात गेलो (लॉजवरची पातळ होती आणि रात्री गारठा चांगलाच होता) तर दुकानदार आमचं बोलणं ऐकून एकदम म्हणाले, "तुम्ही मराठी? आम्हीपण घरात मराठीच बोलतो." भावसार क्षत्रिय समाजाचे, कित्येक पिढ्या कर्नाटकात. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच कानडी शब्द येणारी, ऐकायला फार गोड. चहा पाजला, पैसे कमी करून दिले आणि वर उद्या मारलगल्ल्याकडे जाताना दुपारचं जेवण कुठे मिळेल तेही सांगितलं.

सोमवार, मारलगल्ला

सकाळी लवकर निघालो. आधीच स्पष्ट सांगते, जिथे शोधकाम झालंय त्या जागी परवानगीशिवाय जाता येत नाही, काही भाग वनखात्याचा आहे, आणि जायचा प्रयत्नही करू नये. आम्ही गावाच्या रस्त्याने, शेतांच्या बांधावरून आणि तेही शेतकऱ्याला विचारूनच फिरलो. दगड फोडला नाही, घरी आणला नाही. हातोडी तर भाचीने ठाण्यातच ठेवली होती.

एका बांधाला लागून पांढुरका खडक वर आलेला होता, फार मोठा नाही, आमच्या लॉजच्या खोलीएवढा असेल. भाची तिथे गुडघ्यावर बसली आणि पुढचा तास आम्ही तिथेच. आजूबाजूचा खडक गडद, बारीक कणांचा, थराथराचा, आणि त्यातून ही पांढरी पट्टी आरपार गेलेली. जवळून बघितलं तर डोळे दिपतात. ग्रॅनाइटमध्ये कण तांदळाएवढे असतात, इथे फेल्डस्पारचे मलईच्या रंगाचे ठोकळे तळहाताएवढे. त्यांच्यामध्ये अर्धपारदर्शक गारगोटी. अभ्रकाचे गठ्ठे, नखाने उचकटलं की पापुद्रा सुटून येतो आणि त्यातून सूर्य दिसतो. काळ्या टूर्मलीनच्या कांड्या, बोटाएवढ्या, उभ्या रेघा असलेल्या.

मोठे स्फटिक का, ते तिने तिथेच सांगितलं. खोलवर ग्रॅनाइटचा तप्त रस थंड होताना आधी नेहमीची खनिजं गोठतात, पण लिथियम, सीझियम, टँटलम, बोरॉन, फ्लोरीन आणि पाणी त्यांच्या स्फटिकात सहज बसत नाहीत, ते उरलेल्या रसात साचत जातात. शेवटचा रस असा श्रीमंत आणि पातळ होतो, तो भेगांत शिरतो, आणि पातळ असल्यामुळे त्यात अणू सहज फिरतात आणि स्फटिक प्रचंड वाढतात. भाऊजी एकदम म्हणाले, "म्हणजे मळी." कारखान्यात साखर बसत गेली की जे साखरेत बसत नाही ते सगळं मळीत उतरतं, तसंच. भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, बाबा, हे मी सेमिनारमध्ये सांगणार.

अमेरिकेत साउथ डकोटातल्या एट्टा खाणीत स्पॉड्युमीनचा चौदा मीटर लांबीचा स्फटिक सापडला होता, हे मी आधी ऐकलेलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती, त्या बांधावर बसल्यावर पटलं.

आता स्पॉड्युमीन. हेच ते लिथियमचं मुख्य खनिज, शुद्ध असेल तर आठ टक्के लिथियम ऑक्साइड. पण दिसायला इतकं साधं, राखाडी हिरवट पांढरं, पात्यांसारखं लांबट, फेल्डस्पारच्या शेजारी असलं तर आपली नजर सरळ वरून जाते. चाकूने दोघांवरही ओरखडा उठत नाही. भाचीने बांधाखाली सुटे पडलेले दोन तुकडे उचलून भाऊजींच्या दोन हातांत दिले, डोळे मिटायला सांगितलं, आणि विचारलं जड कुठला? भाऊजींनी उजवा हात वर केला. दोन्ही तुकडे जवळपास एकाच आकाराचे. फेल्डस्पारची घनता पाण्याच्या साधारण २.६ पट, स्पॉड्युमीनची ३.१ ते ३.२, हाताला फरक कळतो. उजव्या हातातला तुकडा कडेला लांब कपच्यांनी फुटलेला होता. "असेल," ती म्हणाली, "पण लॅबशिवाय मी असेलच म्हणणार नाही." मग दोन्ही तुकडे होते तिथे ठेवून दिले.

आणि लगेच तिने एक गोष्ट सांगितली जी मला सगळ्या प्रवासात सर्वात उपयोगाची वाटली. हातात धरायची ती एक्सआरएफची बंदूक असते ना, दगडावर टेकवली की कुठलं मूलद्रव्य किती ते दाखवते, ती लिथियम ओळखूच शकत नाही, लिथियम फार हलकं असतं. ती सीझियम, टँटलम, रुबिडियम दाखवते, त्यावरून खडक आशादायक आहे का याचा अंदाज बांधतात. लिथियमसाठी नमुना लॅबमध्ये विरघळवून तपासावा लागतो किंवा लेझरचं वेगळं यंत्र लागतं. त्यामुळे एखादी कंपनी म्हणाली की आम्ही जागेवर एक्सआरएफने लिथियम मोजलं, तर तिथेच वाचन थांबवायचं. भाऊजींनी लगेच डायरीत लिहून घेतलं.

थोड्या वेळाने ज्यांचं शेत होतं ते आजोबा आले. ड्रायव्हरदादा दुभाषी. आम्हाला वाटलं रागावतील, त्यांनी शहाळी कापून दिली. विचारत होते, तुम्ही कंपनीचे का? नाही म्हटल्यावर जरा मोकळे झाले. मध्यंतरी कोणीतरी जमिनीचा भाव विचारून गेलं होतं, पुन्हा आलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्हाला कोणी येऊन नीट सांगत नाही, पेपरात मोठा आकडा येतो, मग काहीच होत नाही, आणि मुलाला कळत नाही की बोअरवेल काढावी की थांबावं. हे ऐकून खरंच वाईट वाटलं. शेअर घेणारा माणूस हवं तेव्हा विकून बाहेर पडतो, हे आजोबा कुठे जाणार.

त्या आकड्याचं सांगते. २०२० च्या सुरुवातीला बातमी आली होती १४,१०० टन लिथियमची. नंतर सरकारने संसदेत आणि बाहेर जो आकडा दिला तो १,६०० टनांचा, तोही 'अनुमानित' या पायरीवरचा, म्हणजे पृष्ठभागावरची पाहणी आणि मर्यादित ड्रिलिंग यावर आधारलेला. भाचीने बांधावरच हिशेब मांडला. लिथियम धातूचा आकडा लिथियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या क्षारात, बदलायचा तर ५.३ ने गुणायचं, म्हणजे साधारण साडेआठ हजार टन. ऑस्ट्रेलियातली ग्रीनबुशेस खाण वर्षाला दहा लाख टनांहून जास्त स्पॉड्युमीन कॉन्सन्ट्रेट, म्हणजे खडकातून वेगळं केलेलं खनिज, काढते, आणि आठेक टन कॉन्सन्ट्रेटमधून एक टन कार्बोनेट होतं. म्हणजे मंड्याचा आत्तापर्यंतचा सगळा साठा, एक कणही वाया न घालवता काढला असं धरलं तरी, त्या एका खाणीच्या महिन्याभराच्या कामाएवढाही होत नाही. याचा अर्थ हा शोध फुकट असा अजिबात नाही, पहिली पायरी अशीच असते, पण आकडा ऐकून उडी मारण्यासारखं काही नाही.

जेवायला दुकानदारांनी सांगितलेल्या खाणावळीत गेलो. रागी मुद्दे म्हणजे नाचणीचे गोळे, आणि बस्सारू म्हणजे सार. मुद्दे चावायचे नसतात, तुकडा तोडून सारात बुडवून गिळायचा, हे वाढणाऱ्या बाईंनी भाऊजींना करून दाखवलं. मला मनापासून आवडलं, दोन मुद्दे संपवले.

सोमवार रात्र, लॉजच्या गच्चीवर

रात्री चादरी गुंडाळून गच्चीत बसलो आणि भाऊजींनी त्यांच्या एका कंपनीची ताजी घोषणा मोबाईलवर काढली. शीर्षकात अमुक मीटर लांबीचं पेग्माटाइट, अमुक टक्के लिथियम ऑक्साइड, आणि त्या दिवशी शेअर चांगलाच उडाला होता. नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, अशा घोषणा सगळ्या छोट्या कंपन्यांच्या एकाच साच्यातल्या असतात.

भाचीने माझी जाड वही घेतली, उभी धरली आणि म्हणाली ही पेग्माटाइटची भिंत. मग पेन वहीला काटकोनात लावलं, हे बरोबर आडवं मारलेलं भोक, जेवढी भिंतीची जाडी तेवढीच भोकातली लांबी. मग पेन तिरकं केलं. भिंतीशी तीस अंशाचा कोन झाला तर पाच मीटरच्या भिंतीत भोकाची लांबी दहा मीटर भरते. आणखी तिरकं केलं तर वीस. खडक तोच, शीर्षक मोठं. म्हणून घोषणेत 'खरी जाडी' दिली आहे का हे बघायचं. ऑस्ट्रेलियात जॉर्क नावाची संहिता आहे, तिच्याप्रमाणे अशा घोषणेला 'टेबल वन' जोडावंच लागतं, नमुने कसे घेतले, भोकाची दिशा काय, खरी जाडी माहीत आहे का, सगळं त्यात. भाऊजींनी शेवटच्या पानांपर्यंत कधी स्क्रोल केलेलं नव्हतं, तिथे लहान अक्षरात होतं: भोकं पेग्माटाइटला तिरकी आहेत, खरी जाडी अद्याप निश्चित नाही.

भाऊजी बराच वेळ ते पान बघत राहिले. मग म्हणाले, उद्या कंपनीला ईमेल करतो.

आणखी बरंच बोलणं झालं, जे मला सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचंच आहे ते इथे लिहिते. जमिनीवर पडलेल्या दगडाचा नमुना तीन टक्के आला म्हणजे खाण तीन टक्क्यांची नव्हे, दगड वेचताना माणूस चांगलाच उचलतो. ड्रिलिंगमध्ये एक ते दीड टक्का सलग आणि रुंद लागला तर ते खरं काम. एक टक्क्याचा खडक असेल आणि त्यातलं सत्तर टक्के हाती लागलं तर सहा टक्क्यांचं एक टन कॉन्सन्ट्रेट करायला साडेआठ टन खडक फोडावा लागतो, नंतर ते हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजायचं, सल्फ्युरिक अ‍ॅसिडबरोबर पुन्हा तापवायचं, तेव्हा कुठे लिथियम सुटं होतं. वीज, पाणी, रस्ता, बंदर, सगळं त्या एक टक्क्यातून भागवायचं.

आणि कंपनीचे पैसे. शोध घेणाऱ्या छोट्या कंपनीला उत्पन्न नसतं, ड्रिलिंगचा प्रत्येक हंगाम नवीन शेअर विकून चालतो, आणि साहजिकच ते शेअर चांगल्या बातमीनंतर भाव वर असताना विकले जातात. जुन्या भागधारकाचा हिस्सा दर वेळी पातळ होतो. ऑस्ट्रेलियात दर तिमाहीला 'फाइव्ह-बी' नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात शेवटी एक ओळ असते की हातातले पैसे किती तिमाही पुरतील. ती ओळ आधी वाचा, शीर्षक नंतर. भाऊजींच्या एका कंपनीत ती दोनच्या आत होती.

वर लिथियमचा भाव. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलं होतं, २०२३ संपेपर्यंत एक लाखाच्या आसपास आलं. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीमधल्या फिनिस खाणीतलं खोदकाम जानेवारी २०२४ मध्ये थांबवावं लागलं, आणि ती तर शोधाच्या सगळ्या पायऱ्या पार करून चालू झालेली खाण होती. खडक होता तिथेच आहे, भाव पडला.

भारतातल्या टिप्सचं उत्तर त्याहून सोपं आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने लिथियम अणु खनिजांच्या यादीतून बाहेर काढलं, आणि आता लिथियमसारख्या महत्त्वाच्या खनिजांच्या ब्लॉकचा, म्हणजे खाणकामासाठी आखलेल्या पट्ट्याचा, लिलाव केंद्र सरकार करतं. कोणाला कुठला ब्लॉक मिळाला हे जाहीर होतं. छत्तीसगडमधल्या कटघोऱ्याचा ब्लॉक २०२४ मध्ये गेला, बोली लागली ७६.०५ टक्के, म्हणजे काढलेल्या खनिजाच्या किमतीचा एवढा हिस्सा सरकारला द्यायचा, रॉयल्टी वेगळी. जम्मूतल्या रियासीचा ५९ लाख टनांचा आकडा २०२३ मध्ये किती गाजला होता, तिथे पुरेसे बोलीदारच आले नाहीत म्हणून लिलाव रद्द झाला, आणि रियासीचा खडक पेग्माटाइटही नाही. म्हणून ग्रुपवर कोणी म्हणालं की अमुक कंपनीला लिथियम लागलं, तर पहिला प्रश्न, ब्लॉक कुठला आणि लिलाव कधी झाला? उत्तर नसेल तर विषय संपला.

परदेशी शेअर घेणाऱ्यांनी आयटीआरमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायला विसरू नका, तोटा असला तरी भरायचं असतं. बँकेत मी दरवर्षी लोकांची धावपळ बघते.

मंगळवार, मेलकोटे

ह्या दिवशी दगडांना सुट्टी द्यायची असं ठरलं होतं. मेलकोटे श्रीरंगपट्टणहून तासाभरावर, टेकडीवरचं गाव, चेलुवनारायणाचं देऊळ, वर योगनरसिंह, खाली पायऱ्यांची मोठी कल्याणी म्हणजे पुष्करणी. रामानुजाचार्य इथे बरीच वर्षं राहिले होते. पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात इथला नावाजलेला, देवळाबाहेर पानात मिळतो, तिखट-आंबट-गोड आणि शेंगदाणे भरपूर, सोबत सक्करे पोंगल. सकाळी लवकर जा, दहानंतर पायऱ्या तापतात आणि अनवाणी चढताना पाय भाजतात. पायमोजे चालतात.

भाऊजी गोपुराखाली उभे राहून वर बघत होते आणि म्हणाले, तासगावचं. आमच्या तासगावच्या गणपतीच्या देवळाला असंच दाक्षिणात्य पद्धतीचं गोपुर आहे, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं. आणि १७९१ च्या मे महिन्यात टिपूच्या श्रीरंगपट्टणहून इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसचं सैन्य उपासमारीने मागे फिरत असताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांचं मराठी सैन्य त्याला इथेच मेलकोट्याच्या आसपास येऊन भेटलं होतं. भाऊजींना इतिहास माहीत होता, जागा माहीत नव्हती. लहानपणापासून ज्या देवळात गेलो त्याच्या बांधणाऱ्याने ही दक्षिण पाहिली होती, म्हणून ते तिथे कितीतरी वेळ थांबले, आम्ही घाई केली नाही.

येताना वाटेत गुऱ्हाळ लागलं, तिथे त्याला आलेमने म्हणतात. गरम काकवी द्रोणात मिळाली, वर किसलेलं खोबरं. भाऊजींनी मालकाशी चुलाणाच्या रचनेवर आणि चिपाडाच्या जळणावर इतकं बोलणं केलं की ड्रायव्हरदादा भाषांतर करून दमले. दोन ढेपा गूळ घेतला, रसायन न घातलेला, गडद रंगाचा.

बुधवार-गुरुवार, परत

परतीचा प्रवास रात्रीच्या बसने, झोपून. ठाण्यात माजिवड्याला उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात गवत वाढून खडक झाकला जातो. श्रीरंगपट्टणला मुक्काम करा, म्हैसूरपेक्षा स्वस्त आणि जवळ. हिंदी-कानडी येणारा ड्रायव्हर हवाच. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग दोनतीनशे रुपयांत मिळतं, ते जरूर न्या, अभ्रकाचे थर आणि टूर्मलीनच्या रेघा त्यातून बघण्यासारख्या. शेतात शिरण्याआधी विचारा, आणि कोणी विचारलं खाण होणार का तर अंदाज ठोकू नका, लोक त्यावर निर्णय घेतात.

कंपनीचं उत्तर आठवड्याने आलं, दोन ओळींचं पण सभ्य आणि सरळ. खरी जाडी शीर्षकातल्या लांबीच्या निम्म्याहून कमी असण्याची शक्यता आहे, पुढच्या हंगामात काटकोनात भोकं मारणार आहोत. भाऊजींनी आहेत ते शेअर ठेवलेत, नवीन घेणं थांबवलंय, एप्रिलअखेरचा फाइव्ह-बी बघून ठरवणार. ज्या कंपनीचे पैसे दोन तिमाहीसुद्धा पुरणार नव्हते तिच्यातून बाहेर पडले. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिलावाचा प्रश्न टाकला, तिघांनी खाजगीत फोन करून विचारलं की हे तपासायचं कसं, त्यांना रविवारी घरी बोलावलंय, भाची येणार आहे वही आणि पेन घेऊन.

तिला आता झारखंडचा कोडरमा-गिरिडीहचा अभ्रकाचा पट्टा बघायचाय, तिथे लेपिडोलाइटच्या, म्हणजे जांभळट लिथियमवाल्या अभ्रकाच्या नोंदी आहेत. ती मे महिना म्हणतेय, मी नोव्हेंबर म्हणतेय.